शिक्षकांची शाळा

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना अमुक शाळा कोणी काढली, तमुक पाठ्यपुस्तक कोणी रचले, सरकारने कोणत्या साली कोणता कायदा केला, याची नोंद आपण आस्थेने ठेवतो. परंतु त्या शाळांतून शिकविणारी माणसे कोठे घडली, घडून आडगावी गेल्यावर त्यांच्या विद्येचे पुढे काय झाले, आणि ज्या संस्थेने त्यांना घडविले तिने त्यांची नंतर कधी विचारपूस केली काय, हे प्रश्न आपण फारसे विचारीत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षणखात्याच्या दप्तरात मिळते, दुसऱ्याचे उत्तर जुन्या शिक्षकांच्या आठवणींतून तुटक तुटक सापडते, आणि तिसऱ्याचे उत्तर शोधू जावे तर हाती थोडकेच लागते. तथापि शिक्षक तयार करण्याच्या उद्योगाचा आपला इतिहास मी जसजसा पाहत गेलो, तसतसा या तिसऱ्या प्रश्नापाशीच त्याचा जीव आहे असे मला वाटू लागले. जेथे जेथे घडविणाऱ्या संस्थेने आपल्या माजी विद्यार्थ्याचा हात सोडला नाही, तेथे तेथे शिक्षक शिकत राहिला. आणि जेथे सनद हाती देऊन संस्था मोकळी झाली, तेथे त्याची विद्या पाच-दहा वर्षांत गोठून गेली.

इंग्रजी अमलाच्या पूर्वी हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारणच नव्हते. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत भरणारी पंतोजीची शाळा ही सर्वस्वी गावाची शाळा होती. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवावे, हात बसला म्हणजे बोरूने मोडी वळण घोटावे, पावकी, निमकी, अडीचकीपर्यंतची उजळणी खड्या सुरात म्हणावी आणि तोंडी हिशेबात वाण्याच्या मुलासही हार जाऊ नये, एवढी त्या शिक्षणाची मर्यादा होती. पंतोजीला मोबदला मिळे तो बहुधा शिध्याच्या रूपाने, आणि सणावारी पोस्त म्हणून चार पैसे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दीत सुरू झालेल्या पाहणीच्या आधारे 1829 साली मुंबई इलाख्यातील शाळांची संख्या 1,705 आणि विद्यार्थ्यांची 35,143 अशी नमूद झालेली आहे. या शाळांतील पंतोजी कोणत्या विद्यालयात शिकविण्याचे शास्त्र शिकून आला होता, असे कोणी विचारले असते तर गावकऱ्यांना तो प्रश्नच उमगला नसता. थोरल्या मुलाने धाकट्यास शिकवावे, त्यातूनच एखादा हुशार मुलगा पंतोजीच्या गैरहजेरीत शाळा सांभाळू लागावा आणि कालांतराने त्याच ओवरीत स्वतः पंतोजी होऊन बसावे, अशी ती परंपरा होती. तिच्यात दोष पुष्कळ होते; छापील पुस्तक तिने पाहिले नव्हते, आणि मुली व अस्पृश्य समाजाची मुले यांना तिच्या उंबरठ्याच्या आत स्थान नव्हते. पण शिकविणारा, त्याने घडविलेले विद्यार्थी आणि त्यांतून निपजलेला पुढचा शिक्षक हे सारे एकाच गावकुसाच्या आत जन्मभर एकमेकांच्या नजरेसमोर राहत असत, ही गोष्ट विसरता येत नाही.

ही साखळी तुटली ती नव्या शिक्षणाने शिक्षकाला गावातून उचलून सरकारी नेमणुकीच्या ठिकाणी पाठविले तेव्हा. मुंबईतील नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली, देशी भाषांच्या शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचा वर्ग चालविला, आणि 1826 साली त्या वर्गातून तयार झालेले 24 शिक्षक इलाख्याच्या निरनिराळ्या भागांत पाठविले. त्यांपैकी 14 मराठी आणि 10 गुजराथी होते. संख्या लहान आहे, परंतु मराठी मुलखात शिक्षक म्हणून रीतसर तयार होऊन, हुकूम घेऊन, दूरच्या ठिकाणी रुजू झालेली ही पहिली तुकडी होय. त्यांच्याबरोबर सोसायटीची छापील पुस्तके गेली; ती पुस्तके मराठीत आणण्याच्या कामी सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्यासारखी माणसे झटत होती. परंतु पुस्तकाच्या एखाद्या कलमाचा अर्थ लागला नाही, गणिताची नवी रीत मुलांच्या गळी उतरेना, किंवा गावच्या जुन्या पंतोजीने या उपऱ्या मास्तराविरुद्ध कागाळी केली, तर त्या एकाकी तरुणाने कोणाकडे पाहावे, याची तजवीज त्या योजनेत दिसत नाही.

पुढे बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या अमदानीत, 1845 साली, मुंबईस नॉर्मल वर्ग स्थापन झाला आणि त्याच्या प्रमुखपदी बाळशास्त्री जांभेकर यांची योजना झाली. या नेमणुकीचे महत्त्व आज आपल्या ध्यानात येत नाही. ‘दर्पण’ काढणारा, एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकविणारा, प्राचीन ताम्रपट वाचणारा, शाळा तपासण्यासाठी कोकणात हिंडलेला हा विलक्षण बुद्धीचा पुरुष खेड्यातील मास्तर घडविण्याच्या कामावर नेमला गेला, यावरून त्या काळच्या धुरीणांनी हे काम कोणत्या पातळीवरचे मानले होते ते कळून येते. दुर्दैवाने बाळशास्त्री 1846 च्या मे महिन्यात ऐन तारुण्यात निवर्तले. त्यांच्यामागून तो वर्ग दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आला. 1836 साली मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध करून ज्यांनी आपल्या भाषेला शिस्तीचा पाया घालून दिला, त्यांच्याच मुखाने भावी शिक्षकांनी ते व्याकरण ऐकावे, हा योग त्या वर्गाच्या वाट्याला आला. त्या काळी भाषेच्या अभ्यासातले श्रेष्ठ ज्ञान आणि प्राथमिक शाळेचा मास्तर यांच्यामध्ये एका माणसापेक्षा जास्त अंतर नव्हते. पुढच्या काळात ते किती वाढत गेले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीची किंमत सांगावी लागत नाही.

1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या विद्यालयांना राज्यकारभारात मान्यता दिली, 1855 मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते निर्माण झाले, आणि जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा उपकर बसवून त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळविण्याची वहिवाट त्यानंतरच्या दशकात पडल्यावर खेड्यापाड्यांत लोकल फंडाच्या शाळा झपाट्याने निघू लागल्या. शाळा निघाल्या म्हणजे मास्तर हवेत, आणि मास्तर हवेत म्हणजे ते तयार करणारे ठिकाण हवे. पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज हे देशावरच्या मराठी शिक्षकांचे असे माहेरघर होऊन बसले. मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उतरलेला मुलगा विद्यावेतनावर तेथे दाखल होई. एक वर्ष करून बाहेर पडे तो ‘फर्स्ट इयर’, आणि पुढची वर्षे पुरी करी तो ‘सेकंड इयर’ किंवा ‘थर्ड इयर’ म्हणून ओळखला जाई, आणि ही बिरुदे मास्तराच्या नावास जन्मभर चिकटून राहत, कारण पगाराचा आकडा त्यांवरच ठरत असे.

तेथला सरावपाठ हा या साऱ्या शिक्षणाचा गाभा होता. कॉलेजाशी जोडलेल्या सरावशाळेतील एका वर्गासमोर उमेदवार उभा राही. आदल्या रात्री दिव्याच्या उजेडात लिहिलेले पाठाचे टाचण मेजावर असे, प्रास्ताविक प्रश्न कोणता, फळ्यावर काय लिहावयाचे, दाखवावयाची वस्तू केव्हा पुढे आणावयाची, हे सारे त्यात क्रमवार मांडलेले असे. आणि वर्गाच्या मागील भिंतीशी त्याचे सोबती हातात वही घेऊन बसलेले असत. पाठ संपला म्हणजे मुलांना सुटी मिळे आणि टीका सुरू होई. तू फळ्याकडे तोंड करून बोललास. उत्तर देणाऱ्या एकाच मुलाकडे तीनदा वळलास. मुलाने चुकीचे उत्तर दिले तेव्हा ते का चुकले हे न विचारता दुसऱ्यास उठविलेस. अशा बारीकसारीक चुका सोबत्यांनी दाखवाव्यात, पाठ घेणाऱ्याने त्या मान खाली घालून ऐकाव्यात, आणि शेवटी पाठनिरीक्षकाने निवाडा द्यावा. अध्यापनाची कला समव्यवसायी माणसांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या निर्भीड परीक्षणाने सुधारते, हे तत्त्व त्या पद्धतीत मूर्त झालेले होते. ज्याने अशी दोन-तीन वर्षे काढली त्याच्या हाताला एक वळण लागत असे.

आणि मग बदलीचा किंवा नेमणुकीचा हुकूम येई. बैलगाडीत ट्रंक आणि वळकटी टाकून तो जेथे जाई तेथे बहुधा एकशिक्षकी शाळा असे; बिगरीपासून चौथीपर्यंतची मुले एकाच खोलीत, एका कोपऱ्यात मुळाक्षरे तर दुसऱ्या कोपऱ्यात त्रैराशिक. अनेक ठिकाणी गावची टपाल कचेरीही त्याच्याकडेच सोपविलेली असे. मनिऑर्डरी लिहाव्यात, तिकिटे विकावीत, परगावी गेलेल्या मुलांची पत्रे म्हाताऱ्यांना वाचून दाखवावीत. वर्षातून एकदा शाळा तपासणारे डिपोटी येत, ते हजेरीपट पाहत, परीक्षा घेत, शेरेबुकात चार ओळी लिहीत आणि निघून जात. ज्या सोबत्यांनी त्याच्या पाठावर टीका केली होती ते आता पन्नास-शंभर मैलांवर आपापल्या एकशिक्षकी शाळेत बसलेले असत. त्याचा पाठ आता कोणी पाहत नसे. चांगला वठला तर वाखाणणारे कोणी नसे आणि बिघडला तर सांगणारेही कोणी नसे. खात्याच्या अहवालांतून शिकलेल्या आणि न शिकलेल्या शिक्षकांचे आकडे येतात. या एकाकीपणाचा रकाना त्यांत नाही.

तो रकाना ज्यांच्या लक्षात आला असे एक गृहस्थ त्या काळी पुण्यात होते, आणि ते कृष्णशास्त्री चिपळूणकर होत. कृष्णशास्त्री ट्रेनिंग कॉलेजाचे प्रमुख होते आणि ‘मराठी शालापत्रक’ या मासिकाशीही त्यांचा निकट संबंध होता. 1861 साली सुरू झालेले हे मासिक खात्याच्या आश्रयाने निघत असे आणि त्याचा मुख्य वाचकवर्ग मराठी शाळांतील शिक्षक हाच होता. म्हणजे ज्यांनी कृष्णशास्त्र्यांच्या हाताखाली दोन-तीन वर्षे काढली, त्यांपैकी कितीएकांना पुढे आपापल्या खेड्यात दरमहा त्यांच्याच प्रेरणेने निघालेला अंक पोचत असे. कॉलेजाची वेस ओलांडून गेलेल्या विद्यार्थ्यामागे त्याचा गुरू टपालाने त्याच्या गावी जात होता.

त्या अंकांतून जे जात होते ते पाहिले म्हणजे मन आदराने भरून येते. मराठी व्याकरणावरील कृष्णशास्त्र्यांचे निबंध शालापत्रकातून क्रमशः प्रसिद्ध झाले; दादोबांच्या व्याकरणातील सिद्धान्तांची त्यांनी त्यांत केलेली चिकित्सा आजही अभ्यासकांना आधारभूत वाटते, आणि ते निबंध पुस्तकरूपाने प्रकट झाले ते लेखकाच्या निधनानंतर. नाम, सर्वनाम, विभक्ती यांच्या स्वरूपाविषयीचा हा अत्युच्च पातळीचा वाद विद्वत्सभेत न मांडता मावळातल्या आणि माणदेशातल्या मास्तरांच्या समोर मांडावा, असे कृष्णशास्त्र्यांना वाटले. 1868 पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी शालापत्रकाची सूत्रे हाती घेतली, आणि कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु व दंडी या संस्कृत कवींवरील त्यांचे विख्यात निबंध याच पत्रातून मराठी शिक्षकांच्या हाती पडले. मुलांना बाराखडी शिकविणाऱ्या माणसाने बाणभट्टाच्या शैलीविषयी का वाचावे, असा प्रश्न आजच्या एखाद्या व्यवहारकुशल अधिकाऱ्यास पडेल. त्याचे उत्तर चिपळूणकर पितापुत्रांनी आपल्या कृतीने दिले: शिक्षकाचे मन ज्या उंचीवर राहील त्या उंचीवरूनच तो बाराखडीही शिकवील, आणि ते मन खाली येऊ द्यावयाचे नसेल तर त्याला पाठाच्या टाचणापलीकडचे अन्न मिळाले पाहिजे. माझ्या दृष्टीने हे पत्र म्हणजे त्या काळी मराठी शिक्षकांच्या व्यासंगासाठी झालेला सर्वांत थोर उद्योग होय, आणि आपल्या वाङ्मयेतिहासात त्याचा उल्लेख केवळ विष्णुशास्त्र्यांच्या ‘निबंधमाला’ या मासिकाची पूर्वपीठिका म्हणून व्हावा याचे मला दुःख वाटते.

विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीची धार मिशनऱ्यांना आणि सरकारी धोरणाला लागू लागली तेव्हा खात्याची मर्जी खप्पा झाली आणि 1875 साली शालापत्रक बंद पडले. ‘निबंधमाला’ 1874 मध्येच निघाली होती, त्यामुळे विष्णुशास्त्र्यांना व्यासपीठ उरले. मास्तरांना उरले नाही. मालेचा वाचक हा इंग्रजी शिकलेला, शहरातील, राष्ट्राच्या उत्कर्षापकर्षाची चिंता वाहणारा तरुण होता. शालापत्रकाचा वाचक जो खेड्यातला मराठी सातवी झालेला मास्तर, त्याच्याकडे त्या तोलामोलाच्या लेखकाने पुन्हा वळावयास बराच काळ जावा लागला.

या कथेची एक बाजू चिपळूणकरांच्या नजरेसमोर नव्हती, आणि ती महात्मा जोतीराव फुले यांनी निर्भयपणे मांडली. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडणारे शिक्षक बहुतेक एकाच जातीचे असत. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत कोणती वागणूक मिळते हे जोतीरावांनी 1869 साली ‘सत्यदीपिके’त प्रसिद्ध केलेल्या विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजीवरील पवाड्यात परखडपणे सांगितले होते, परंतु त्यांचे सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले प्रतिपादन म्हणजे शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी सादर केलेले निवेदन होय. त्यात त्यांनी शिक्षकाविषयी जे लिहिले आहे ते पुनःपुन्हा वाचण्याजोगे आहे. प्राथमिक शिक्षकांचे पगार क्वचितच दहा रुपयांवर जातात, त्यांतले नॉर्मल विद्यालयात शिकलेले थोडे, बाकीचे सर्व तसले शिक्षण न घेतलेले, अशी तक्रार नोंदवून ते सुचवितात की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, म्हणजे ते त्या लोकांत मिळूनमिसळून राहतील, त्यांच्या गरजा जाणतील, आणि प्रसंग पडला तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास लाजणार नाहीत. त्यांच्या शिक्षणक्रमात नेहमीच्या विषयांबरोबर शेतकी आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस असावा. आणि गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे त्यांच्याकडे सोपवून गावगाड्यात त्यांना वजन प्राप्त करून द्यावे.

ट्रेनिंग कॉलेजाने घडविलेल्या मास्तराचे गावात गेल्यावर काय होते, हा जो प्रश्न मी आरंभी मांडला, त्याला त्या शतकात दिले गेलेले हे सर्वांत सर्वांगीण उत्तर आहे. कृष्णशास्त्र्यांनी मास्तराच्या बुद्धीला एकटे पडू दिले नाही. जोतीरावांना दिसले की मास्तर गावापासूनच परका राहिला तर बुद्धीचा दिवा लावूनही उजेड पडणार नाही. या दोन विचारांची त्या काळी गाठ पडली नाही. एकाच पुण्यात, एकाच काळात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहून ते वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि त्या वियोगाची भरपाई करण्यास महाराष्ट्राला पुढची पन्नास वर्षे लागली.

शिक्षिकांची हकीकत याहून कठीण आहे. पुण्यात 1870 साली स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघाले तेव्हा त्यात शिकावयास यावे कोणी, हीच अडचण होती. मुलींची लग्ने दहाव्या-बाराव्या वर्षी होऊन जात, आणि म्हणून मास्तरांच्या बायकांनाच उत्तेजन देऊन शिक्षिका करावे असा मार्ग खात्याने धरला. विधवा स्त्रियांचे आयुष्य अध्यापनाच्या मार्गाने सार्थकी लावण्याचा उद्योग धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली आश्रम काढून आरंभिला आणि 1917 मध्ये हिंगण्यास प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळा जोडली. पुण्यातील सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या छत्राखाली, हेच कार्य शहरात केले. हिंगण्याच्या संस्थेत शिकून तिच्याच सेवेला आजन्म वाहून घेणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या स्त्रिया निर्माण झाल्या. शिकलेल्या मुलीने परत येऊन शिकवावे, निधीसाठी गावोगाव हिंडावे, नव्या मुलींना धीर द्यावा, यावर ती संस्था उभी राहिली. माजी विद्यार्थिनी हे तिचे भांडवल होते, कारण दुसरे भांडवल तिला फारसे नव्हतेच.

विसाव्या शतकात माध्यमिक शिक्षकांकरिता 1906 साली मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले, पुढे विद्यापीठाची बी. टी. पदवी आली, 1941 मध्ये पुण्यास टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. या संस्थांनी शिक्षणशास्त्राचा दर्जा वाढविला यात शंका नाही. पण त्यांची दृष्टी हायस्कुलाकडे होती, आणि पदवी मिळाली म्हणजे बहुतेकांचा संस्थेशी संबंध स्नेहसंमेलनाच्या आमंत्रणपत्रिकेपुरता उरे. खेड्यातील मास्तराकडे मोठा लेखक पुन्हा वळला तो या काळात. प्रल्हाद केशव अत्रे हे मुळात हाडाचे शिक्षक. पुण्याच्या कँपातील शाळा त्यांनी नावारूपास आणली आणि 1928 साली लंडन विद्यापीठाची टी. डी. ही अध्यापनाची पदविका मिळविली. त्यांनी चालविलेल्या मासिकांच्या नावांत ‘अध्यापन’, ‘नवे अध्यापन’ आणि ‘इलाखा शिक्षक’ ही नावे आहेत. नाटककार आणि वक्ते म्हणून त्यांची कीर्ती एवढी मोठी झाली की ही तीन नावे लोकांच्या स्मरणातून गेली. परंतु एका थोर लेखकाने शिक्षकांसाठी पत्रे चालवावीत, ही शालापत्रकाची मोडलेली वाट त्यांनी पुन्हा तुडविली.

जोतीरावांच्या सूचनेला मूर्त रूप आले ते साताऱ्यात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तारुण्यात किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत उभा दक्षिण महाराष्ट्र पायाखाली घातला होता, शेतकऱ्याच्या घरात जेवले होते, त्याच्या मुलाला शाळा का परवडत नाही हे डोळ्यांनी पाहिले होते. आणि सत्यशोधक विचार त्यांच्या अंगी मुरलेला होता. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला, 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले, आणि 1935 साली त्यांनी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. नावात ‘रूरल’ हा शब्द आहे तो शोभेपुरता नव्हता. तेथला उमेदवार शेतकऱ्याचा, महाराचा, धनगराचा, मुसलमानाचा मुलगा असे. सकाळी शेतात किंवा बांधकामावर कष्ट करावे आणि दिवसा पाठ घ्यावा, हा तेथला शिरस्ता. रुमणे धरण्यास न लाजणारा शिक्षक जोतीरावांनी 1882 मध्ये मागितला होता. 53 वर्षांनी तो साताऱ्याच्या माळावर दगड फोडून स्वतःच्या शाळेची भिंत बांधताना दिसू लागला.

परंतु साताऱ्याचे वैशिष्ट्य भरतीत किंवा श्रमात संपत नाही. ट्रेनिंग पुरे करून गेलेल्या मुलाला भाऊरावांनी कधी ‘गेलेला’ मानले नाही. ज्या वाडीवस्तीवर सरकारी शाळा नाही तेथे गावकऱ्यांच्या मदतीने व्हॉलंटरी शाळा उघडावी आणि तेथे आपल्याच ट्रेनिंग कॉलेजातून तयार झालेला मास्तर पाठवावा, ही त्यांची योजना होती. साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या डोंगरावर आरंभ झालेल्या या शाळा पाहता पाहता शेकड्यांनी वाढल्या. अशा शाळेला इमारत म्हणजे देवळाचा सभामंडप, आणि मास्तराचा पगार म्हणजे पुष्कळदा गावाने घातलेले धान्य. म्हणजे बाह्यतः पाहता पंतोजीचीच शाळा. फरक एवढा की हा पंतोजी शास्त्र शिकून आलेला होता, अस्पृश्याच्या मुलाला मांडीशी घेऊन बसत होता, आणि त्याच्या पाठीशी साताऱ्यास एक संस्था उभी होती. भाऊराव आपल्या शाळांना भेटी देत हिंडत, अनवाणी चालत, मास्तराच्या झोपडीत भाकरी खात, मुलांची अक्षरे पाहत. डिपोटीची भेट आणि ही भेट यांत जे अंतर आहे ते मास्तरास सांगावे लागत नसे. पुढे या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाच्या ताब्यात गेल्या. तोवर त्यांनी डोंगरकपारीतील कितीतरी वाड्यांना पहिले अक्षर दाखविले होते.

वसतिगृहाच्या आणि कॉलेजाच्या माजी विद्यार्थ्यांवरच रयतेचा सारा डोलारा उभा राहिला. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात, म्हणजे शाहू बोर्डिंगमध्ये, वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले ते वकिलीची गादी न मांडता संस्थेच्या शिवाजी कॉलेजात प्राचार्य होऊन बसले. बापूजी साळुंखे रयतेत घडले आणि 1954 साली कोल्हापुरास स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढून त्यांनी आपला स्वतंत्र वृक्ष लावला. ज्या मुलाने येथे अन्न खाल्ले आणि विद्या घेतली त्याने ती दुसऱ्या मुलास देऊन उतराई व्हावे, ही भावना तेथे कोणत्याही नियमपुस्तकात न लिहिता रुजली. आणि सेवकांच्या वेतनातून, वर्गणीतून, सुटीतल्या श्रमांतून तिने संस्थेची पडती वर्षेही निभावून नेली. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवून हारतुरे घेणाऱ्या अनेक संस्था आहेत. माजी विद्यार्थ्याला कामाला लावण्याचा अधिकार फार थोड्या संस्थांना मिळतो, कारण त्यासाठी विद्यार्थी असताना त्याला पोटाशी धरावे लागते.

याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी आणखी एक उद्योग आरंभला गेला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली होती आणि मराठी ‘शिक्षणपत्रिका’ त्या चालवीत होत्या. बालकाने कसे शिकावे याविषयीचा विचार त्या पत्रिकेने शिक्षकांच्या आणि आईबापांच्या घरी नेला. 1945 साली त्या शहर सोडून बोर्डीस आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ याही व्हर्नाक्युलर फायनल उतरून, पुण्यास 1929 साली ट्रेनिंग पुरे करून, प्राथमिक शिक्षिका झालेल्या, आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकविलेल्या. म्हणजे ज्या पद्धतीचा उगम 1845 च्या वर्गात आहे तिचेच त्या अपत्य होत्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले शाळेकडे येत नव्हती म्हणून शाळाच त्यांच्या पाड्याच्या अंगणात नेली गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात कुरणशाळा भरू लागली. शंखशिंपले, बिया, पाने, बांबूच्या कांबी हीच तिची साधने. या सर्व प्रयोगांबरोबर बालवाडीच्या शिक्षिकांना तयार करण्याचे वर्ग अखंड चालले, आणि ताराबाईंच्या पश्चात शिक्षणपत्रिका अनुताईंनी सांभाळली.